पाहुण्याची पहिली आंघोळ

त्या दिवशी सकाळी तोसेमावशीनं भात खाल्ला नाही, पण भांडण मात्र पोटभर केलं.

भांडण झालं इकेजिरींच्या रॉयशी. तो बिचारा भांडायला आलाच नव्हता. मिठाईचा डबा घेऊन, चांगला शर्ट घालून, सांगायला आला होता की शहरातल्या आपल्या जपानी मंडळानं मोठं जेवण ठेवलंय, गोऱ्यांचं आणि आपलं एकत्र. चौतीस सालचा तो तंटा मिटला त्याची आठवण म्हणून. महापौर येणार, फोटो निघणार. आणि त्या वेळची कर्ती माणसं आता उरलीत कुठं, एक तोसेमावशी सोडली तर? म्हणून तिनं स्टेजवर बसायचं. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं. बोलणार रॉय. काय बोलणार तेही त्यानं म्हणून दाखवलं, की आपल्या वडीलधाऱ्यांनी मोठं मन केलं, नम्रपणे माफी मागितली, आणि समोरच्यांचा राग शांत झाला.

सून मित्सुए चहा ओतत होती, तिचा हात तिथंच थांबला. तिला माहीत होतं आता काय होणार.

मावशी म्हणाली, "परत म्हण."

त्यानं परत म्हटलं, जरा मोठ्यानं. त्याला वाटलं ऐकू आलं नसेल.

"कुणी मागितली माफी? नाव सांग."

रॉय म्हणाला, काकू, नाव असं नाही, बोलायची पद्धत असते ती.

"पद्धत मला शिकवू नको. सभेत आमच्यातल्या कुणी नाक घासलं नाही. तू तसं बोललास ना, तर मी स्टेजवर उठून उभी राहीन आणि सांगेन हे पोरगं खोटं बोलतंय म्हणून. आणि मला उठायला लई वेळ लागतो, तोवर तुझा महापौर बघत बसेल."

रॉय हसला, मग हसायचं थांबला, कारण ती हसत नव्हती. शेवटी त्यानं ते वाक्य काढतो म्हणून कबूल केलं. मग म्हणाला, त्याच्या जागी काय म्हणू? ती म्हणाली, खरं म्हण, आम्ही गेलो नाही म्हण. मग त्याला दोन खरबुजं घेऊनच जायला लावली. मोकळ्या हातानं तिनं वैऱ्यालाही कधी पाठवलं नाही.

तो गेल्यावर मावशीनं मीठ लावून खरबुजाची एक फोड खाल्ली आणि जरा पडते म्हणाली. मित्सुए दुपारनंतर उठवायला गेली तर मावशी गेलेली. तोंडावर रागच होता. मित्सुए म्हणते शांत झोपल्यासारखी दिसत होती. पण ज्यांनी बघितलं त्यांना माहीत आहे, रागच होता.

आता हे माफीचं प्रकरण काय, ते सांगायला पाहिजे.

तोसे मोरिझोनो जपानात कुमामोतोकडची. डोंगरउतारावरची भातखाचरं, तिथली मुलगी. एकोणिसाव्या वर्षी लग्न करून इकडं अमेरिकेत आली, नवरा फोटोत बघितलेला. यासुकिची मोरिझोनो. फोटोत होता त्याच्यापेक्षा म्हातारा निघाला, पण फोटोत दिसत नव्हता तेवढा गरीब स्वभावाचा पण निघाला. हा माणूस खेचराला चाबूक मारायच्या आधीसुद्धा मान वाकवायचा, असं लोक म्हणायचे. ती मात्र हाडापेरानं दणकट, आवाज भरड, चालायची पुरुषासारखी. ॲरिझोनाचं ते रान म्हणजे भट्टी. पाटाचं पाणी आलं तर पीक, नाही आलं तर धूळ. दोघांनी मिळून खरबुजं लावली. थंडीत प्रत्येक वेलावर कागदाची टोपी घालायची, कडांवर माती ओढायची, ऊन वर आलं की एका अंगानं फाडून वारा द्यायचा. गोरे शेतकरी हसायचे, म्हणायचे जपडे झाडांना कपडे शिवतात. आणि मग यांची खरबुजं बाजारात सगळ्यांच्या आधी यायची. तेव्हा मात्र कुणी हसायचं नाही. तेव्हापासून पाण्यात बघायला लागले.

जमीन जपान्याच्या नावावर करायची नाही असा कायदा होता. म्हणून थोरला मुलगा नोबोरू, जो इथं जन्मला, त्याच्या नावावर केली. बाजार पडला, गोऱ्यांची पिकं सडली, तेव्हा त्यांना हे एकदम आठवलं. सभा झाली. ठराव झाला की अमुक तारखेच्या आत सगळ्या जपड्यांनी खोरं सोडायचं. मग संध्याकाळच्या गाड्या सुरू झाल्या. रोज संध्याकाळी पाचपंचवीस गाड्या ओळीनं, भोंगे वाजवत, पाटाच्या कडेच्या रस्त्यानं आपल्या घरांवरून जायच्या आणि परत फिरायच्या. एकदा कुणीतरी पाटाचं दार उघडून पाणी सोडलं, मोरिझोनोंचं अर्धं खरबूज बुडालं. काही घरं सामान बांधून किनाऱ्याकडं गेली पण. तोसे म्हणाली, गेलेल्यांची पाण्याची पाळी आपल्याला मिळते का बघा. यासुकिचींना तिचं असलं बोलणं आवडायचं नाही.

आणि मग कुणीतरी सुरुंग लावून न्हाणी उडवली.

घरामागं न्हाणी होती, पत्र्याची. आत लाकडी टाकं, त्याला तांब्याचा तळ, तळाखाली जाळ. आधी बाहेर अंग घासून धुवायचं, मग त्या कढत पाण्यात गळ्यापर्यंत बसायचं, एकच पाणी सगळ्या घराला. आधी नवरा, मग पोरं, बाई शेवटी. त्या दिवशी सगळ्यांचं झालं होतं, तोसेचा नंबर राहिला होता. पण मुळे मिठात घालायचे राहिले म्हणून ती स्वयंपाकघरात अडकली, आणि तेवढ्यात दण्णकन आवाज झाला. बाहेर येऊन बघतात तर न्हाणीच्या भिंती वावरात. टाकं आडवं झालेलं, एक फळी फुटलेली. मुळ्यानं वाचवलं म्हणायची ती नंतर. पुढं आयुष्यभर मुळा वाया जाऊ दिला नाही.

आता ऐका, खरी चूक इथं झाली, आणि ती आपलाच माणूस करू शकतो.

गावाकडं रीत अशी की घराला आग लागली, काही दणका झाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी घरधन्यानं आजूबाजूला फिरायचं. आमच्यामुळं तुमची झोप मोडली, तसदी झाली, माफी असावी, म्हणायचं. आग कुणी लावली हा प्रश्नच नाही. चोरानं लावली तरी फिरायचं. समोरचाही म्हणतो, छे छे, तुम्हीच वाचलात हे महत्त्वाचं. झालं, मन मोकळं.

तर यासुकिची टाय बांधून, खरबुजांची पाटी घेऊन, गोऱ्या शेजाऱ्यांच्या दारोदार गेले. इंग्रजी तोडकंमोडकं. काल आवाज, आमची चूक, माफ करा. एवढंच येत होतं, तेवढंच म्हणाले आणि वाकले.

शेजारची होल्कोंबबाई मनानं चांगली. तिनं खरबूज घेतलं, रडली, आणि रविवारी चर्चमध्ये चारचौघींना सांगितलं की बिचारा माणूस स्वतः माफी मागत फिरला हो. तिनं कळवळ्यानं सांगितलं. पण बाजारात पोचेपर्यंत त्याचं झालं, जपड्यानं कबूल केलं. म्हणजे न्हाणी त्यानंच उडवली, आमच्या पोरांना बदनाम करायला. शेरीफ, म्हणजे इथला फौजदार, आला, यासुकिचींना विचारलं, तू आमची चूक म्हणालास का? ते म्हणाले, हो. खोटं कसं बोलायचं?

चोर ते चोर आणि वर शिरजोर. आता तेच म्हणायला लागले की जपड्यांनी आमची माफी मागायला पाहिजे.

तेव्हा जपानच्या वकिलातीनं उराबेसाहेबांना पाठवलं. गाडीवर छोटा झेंडा, बरोबर ड्रायव्हर, पांढरा सूट. चष्मा पुसत पुसत बोलायचे. ते राज्याच्या मोठ्या साहेबांना भेटले, गोऱ्यांच्या शेतकरी समितीच्या लोकांना भेटले, सगळीकडं चहा कॉफी पिऊन दुपार उतरल्यावर मोरिझोनोंच्या घरी आले. घामानं सूट अंगाला चिकटलेला, धुळीनं भुवया पिवळ्या झालेल्या.

त्यांनी जे आणलं होतं ते असं. समितीचा चिटणीस रॅटक्लिफ म्हणून होता, फार सभ्य माणूस, त्यानं सांगितलंय की गाड्या फिरवणारी पोरं कोण ते आम्हाला ठाऊक नाही, आमचा संबंध नाही. पण लोकांचा राग शांत व्हायला काहीतरी पाहिजे. मोरिझोनोंनी उद्याच्या सभेत येऊन एवढंच म्हणावं की न्हाणीचा जाळ आमच्याच हातून भडकला, आणि उगाच संशय घेतला त्याबद्दल माफी. मग समिती तारखेचा ठराव मागं ठेवेल. उराबेसाहेब म्हणाले, वाक्य एकच आहे. ते बोललं की सगळं खोरं वाचतं.

यासुकिची म्हणाले, माझं तर शेजाऱ्यांना म्हणून झालंच आहे, अजून एकदा म्हणेन.

तोसे दाराशी होती. बाईनं मधे बोलायचं नसतं, ते तिला कळत होतं. तरी बोलली.

"अहो, शेजाऱ्यांपुढं वाकलात ती आपली रीत, त्यात मला काही कमीपणा नाही. पण हे रीत नाही. आज न्हाणी आम्हीच उडवली म्हणायचं, उद्या जमीन आम्हीच चोरली म्हणायचं. मग जायचंच की. त्यापेक्षा आत्ताच सामान बांधू."

उराबेसाहेब शांतपणे म्हणाले, "बाई, मी दोन सरकारांच्या मधे उभा आहे. तिकडं कुणाला भांडण नकोय, इथंही नकोय. तुमचा ताठपणा मला समजतो. पण त्याची किंमत तुमच्या एकट्या घराला नाही पडायची."

हे तिला लागलं. खोटं नव्हतं ते. बाकीची घरं तिच्या हट्टावर टांगली होती, हे कळण्याइतकी ती शहाणी होती. मग म्हणाली, साहेब, तुम्ही लांबून आलात, अंग आंबलं असेल, आंघोळ करा, मग बोलू.

न्हाणी कुठाय, साहेबांनी विचारलं.

न्हाणी नव्हती, पण टाकं होतं. मधल्या दिवसांत तिनं ते सरळ उभं केलं होतं, फुटकी फळी ठोकून, वरून दोर आवळून, फटीत चिंध्या भरून. भिंती काही उभ्या केल्या नव्हत्या. उघड्या वावरात, रस्त्यापासून ढेकूळ मारलं तर लागेल एवढ्या अंतरावर, टाकं उभं आणि खाली कापसाच्या पऱ्हाटीचा जाळ धडधडतोय. पाणी आधीच तापत घातलं होतं तिनं.

यासुकिची लगबगीनं पुढं आले. तिला बाजूला घेऊन म्हणाले, अगं निदान चादर तरी लाव आडोशाला. ती म्हणाली, चादरी धुवायला टाकल्यात. चादरी कपाटात होत्या, त्यांनाही माहीत होतं.

आता आपल्यात पाहुण्याला पहिली आंघोळ द्यायची आणि पाहुण्यानं ती घ्यायची. नाही म्हणणं म्हणजे तुमचं पाणी मला घाण वाटतं, असं तोंडावर सांगणं. उराबेसाहेब शहरातले, शिकलेले, पण जपानीच. दोनदा नको नको म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणता येईना. झाडाच्या आडोशाला कपडे उतरवले, अंग धुतलं, आणि टाक्यात उतरले. डोक्यावर ओला रुमाल, चष्मा काढून कडेला ठेवलेला. आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं त्यांना, दोन मिनिटांनी आपोआप हुश्श निघालं.

तोसे खाली बसून जाळ सारत होती. सूर्य कलला होता. ही रोजची गाड्यांची वेळ, हे तिला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

आधी धूळ दिसली, मग भोंगे. यासुकिची झाडाकडं पळाले ते साहेबांचे कपडे आणायला, पण सदरा आणला की पँट आणली हेच त्यांना कळेना. साहेबांनी टाक्यात अजून खाली बसून घेतलं. पहिली गाडी समोर येऊन थांबली, मागच्या सगळ्या थांबल्या. जाळावर टाकं आणि टाक्यात जपडा, असलं कधी कुणी बघितलं नव्हतं.

कुणीतरी ओरडलं, "काय गं बाई, आज जपड्याचं सूप का?"

सगळ्या गाड्या हसल्या. दुसरा म्हणाला, मीठ घाल, मीठ. मग बुडालेल्या वावरातलंच सडकं खरबूज कुणीतरी उचलून मारलं. ते टाक्याच्या कडेला फुटलं, बिया आणि रस साहेबांच्या खांद्यावर. ड्रायव्हर पुढं धावला, साहेबांनी हात वर करून थांबवलं. रुमालानं खांदा पुसला. चाचपडत चष्मा घेतला, पाण्यात बुडवून धुतला, डोळ्यांवर लावला. आणि मग, पाण्याबाहेर फक्त मान, असं त्यांनी एकदम पुस्तकातल्यासारख्या इंग्रजीत म्हटलं,

"शुभ संध्याकाळ, मिस्टर रॅटक्लिफ. दुपारी आपण भेटलो होतो. बरोबरच्या सद्गृहस्थांची ओळख करून द्या, म्हणजे उद्या मोठ्या साहेबांना नावं सांगता येतील."

पहिल्या गाडीत चाकावर रॅटक्लिफच होता. दुपारी ज्याला काहीच ठाऊक नव्हतं तो. झेंड्याची गाडी घराच्या पलीकडच्या अंगाला होती, ती त्याला आत्ता दिसली. त्यानं चुकून टोपीला हात लावला, अभिवादन करतात तसा. मग गाडी मागं घ्यायला गेला तर मागं पंचवीस गाड्या, वळायला जागा नाही. एकमेकांना शिव्या घालत, भोंगे वाजवत, एकाचं चाक पाटात, अशी ती वरात बराच वेळ निघत होती. तोसे त्यांच्याकडं बघतच नव्हती. ती साहेबांना विचारत होती, अजून जाळ घालू का, पाणी निवलं असेल.

साहेब म्हणाले, घाला.

रात्री जेवताना माफीचं नाव कुणी काढलं नाही. मुळ्याचं लोणचं साहेबांनी दोनदा घेतलं. निघताना तोसेला म्हणाले, "बाई, तुम्ही मला मुद्दाम बसवलंत."

"पाहुण्याला पहिली आंघोळ देतात साहेब. दुसरं मला काय कळतं."

दुसऱ्या दिवशी साहेब कुठं कुठं गेले, काय बोलले, ते घरी कुणाला कळलं नाही. वकिलातीतली माणसं ताकास तूर लागू देत नाहीत. पण सभेत यासुकिचींना कुणी बोलावलं नाही. समितीवर चिटणीस दुसरा आला. ठरावाची तारीख आली आणि गेली, त्या दिवशी मोरिझोनो नवरा-बायको वावरात होते. म्हणून काही प्रेम उतू गेलं असं नाही. गाड्या बंद झाल्या, पण दुकानात सामान उशिरानंच मिळायचं. यासुकिची आठवडाभर बायकोशी बोलले नाहीत, साहेबांना उघडं बसवलं म्हणून. आठ दिवसांनी म्हणाले, भिंती केव्हा घालायच्या? ती म्हणाली, तुम्ही बोललात की. पत्रे नवे घातले.

पुढं जपान-अमेरिकेची लढाई लागली तेव्हा मोठ्या सडकेच्या दक्षिणेकडची आपली माणसं उचलून छावण्यांत नेली. मोरिझोनो सडकेच्या उत्तरेला, ते राहिले, पण सडक ओलांडायची नाही असा हुकूम. डॉक्टर पलीकडं, गिरणी पलीकडं. यासुकिचींना छातीचं दुखणं लागलं ते त्याच काळात. डॉक्टर यायला तयार, पण यायला उशीर झाला. तोसे सडकेच्या कडेला उभी राहून वाट बघत होती, पलटणीचं पोरगं म्हणालं मागं हो, ती म्हणाली मी अलीकडंच उभी आहे, डोळे आहेत ना तुला. यासुकिची वाचले तेव्हा, पण पहिल्यासारखे झाले नाहीत. लढाई संपल्यावर दोन वर्षांत गेले. शेवटपर्यंत सगळ्यांना वाकायचे. ती कधी त्यांना त्यावरून बोलली नाही, आणि दुसऱ्या कुणाला बोलूही दिलं नाही. होल्कोंबबाईच्या घरचं कुणी आजारी पडलं तर हीच पहिली जायची. पण वाकायचं म्हटलं की पाठ दुखते म्हणायची. नव्वद शेराचं पोतं उचलताना दुखायची नाही.

ती गेली त्या संध्याकाळी घर भरलं. नोबोरू आता साठीचा, स्वभावानं बापावर गेलेला. दुसऱ्या दिवशी अंत्यविधी, सगळ्या खोऱ्यातनं माणसं येणार, गाड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना लागणार. आजूबाजूला आता घरंच घरं झालीत, नवी माणसं, नवी हिरवळ. सकाळी सकाळी नोबोरूनं कोट घातला, केस बसवले. मित्सुएनं विचारलं कुठं. तो म्हणाला, शेजारी सांगून येतो, गाड्यांमुळं तसदी होणार, माफी असावी म्हणून.

तो दारात जरा थांबला, मग गेला.

शेजारचं दार एका तरण्या गोऱ्या माणसानं उघडलं, हातात पोर, तोंडात ब्रश. नोबोरू सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "आमची आई गेली. आज रस्त्यावर आमच्या गाड्या लागतील."

त्या माणसानं तोंडातला ब्रश काढला. वाईट झालं म्हणाला, आजी रोज पाटापर्यंत चालायची ती बघायचो म्हणाला. मग म्हणाला, "आमचे पाण्याचे फवारे दहाला सुरू होतात. गाड्यांच्या काचा वर करून ठेवायला सांगा सगळ्यांना."

नोबोरू म्हणाला, सांगतो. आणि पुढच्या घराकडं गेला.